कुत्रीच्या उपचारांसाठी ऑनलाइन वर्गणी : एका सेवेचे परीक्षण

आमच्या फोंड्याच्या घरातील चंपी या गावठी कुत्रीला गोचीडताप झाल्याचे उशिरा कळले. हा आजार वेळीच ओळखला गेला तर साधारण चार आठवड्यांच्या डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्यांनी तो आटोक्यात येतो आणि खर्चही बेताचा असतो. मुरला की मात्र प्लेटलेट आणि तांबड्या पेशी घसरत जातात, रक्त चढवावे लागते आणि तपासण्यांची रांग लागते. पणजीत टोंक येथे आणि मडगावजवळ सोनसोडो येथे सरकारी पशुवैद्यकीय रुग्णालये आहेत. आरंभीचे उपचार आम्ही सरकारी सेवेतच घेतले, पुढे रात्रंदिवस देखरेखीसाठी खाजगी दवाखाना गाठला. विमा त्या वेळी काढून उपयोग नव्हता, कारण आधीपासून असलेला आजार त्यात धरला जात नाही.

म्हणून वर्गणी गोळा करून देणाऱ्या एका ऑनलाइन सेवेची मदत घेतली. तिचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत.

या सेवेची सर्वांत जमेची बाजू म्हणजे पैसे थेट दवाखान्याच्या खात्यात पाठवण्याची सोय. देणाऱ्याचा विश्वास त्याने वाढतो, हे उघड आहे. पण दुसरे कारण कमी लोकांना ठाऊक असते. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेली एकूण रक्कम पन्नास हजार रुपयांच्या वर गेली, तर आयकर कायद्यानुसार ती सगळीच्या सगळी करपात्र उत्पन्न ठरू शकते, केवळ वरची रक्कम नव्हे. स्वतःच्या खात्यात वर्गणी घेण्यापूर्वी करसल्लागाराला विचारलेले बरे. उलटपक्षी, अशा वैयक्तिक आवाहनाला दिलेल्या पैशांवर देणगीदाराला आयकरातली, ‘८०जी’ म्हणून ओळखली जाणारी, सवलत मिळत नाही. ती नोंदणीकृत आणि मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीलाच मिळते. आमच्या पानावर हे कुठेच स्पष्ट लिहिलेले नव्हते, आणि पावती मागणाऱ्या प्रत्येकाला मलाच समजावावे लागले.

खरी नाराजी आहे ती ‘टिप’बद्दल. सेवा विनामूल्य असल्याचे ठळक अक्षरांत सांगितले जाते. पैसे भरताना मात्र कंपनीसाठीची जादा रक्कम आधीच निवडलेली असते आणि ती शून्यावर आणण्याचा पर्याय बारीक अक्षरांत दडलेला असतो. वाड्यावरच्या एका वयस्क काकींनी ती जादा रक्कम नकळत भरली, कारण त्यांना ते चंपीचेच पैसे वाटले. माणुसकीवर चालणाऱ्या धंद्याला हे शोभत नाही.

आवाहनाचा मजकूर लिहून देण्याची त्यांची तयारी होती, पण तो इतका रडवेला निघाला की मी तो बाजूला ठेवला. लोकांनी पाहिला तो दवाखान्याच्या लेटरहेडवरचा, शिक्का असलेला खर्चाचा अंदाज आणि रक्ततपासणीचा अहवाल. ही कागदपत्रे चढवल्यानंतरच वर्गणीला वेग आला, आणि तीही बहुतांशी गावातल्या, देवस्थानच्या आणि शाळेच्या व्हॉट्सअॅप गटांतून. अनोळखी देणगीदार थोडेच होते. त्यामुळे कंपनीच्या ‘प्रसिद्धी पॅकेज’वर खर्च करण्यात अर्थ नाही, असे माझे मत झाले आहे.

चंपी आता व्यवस्थित जेवते. शिल्लक रकमेचे काय करायचे, हे मात्र दवाखान्याकडून आधीच लेखी घ्यावे. आमच्या बाबतीत ती त्याच दवाखान्यातील एका भटक्या कुत्र्याच्या बिलात वळती झाली, आणि तसे पानावर कळवल्यावर एकाही देणगीदाराने हरकत घेतली नाही.