भाव न करणारं गिऱ्हाईक आणि माझे २४,१८५ रुपये

२४,१८५ रुपये १२ पैसे. कार्डाच्या स्टेटमेंटवर दोन नोंदी. पहिली १४९ डॉलरची, म्हणजे १२,४४१ रुपये ५० पैसे, त्यावर परकीय चलनाचा साडेतीन टक्के आकार ४३५.४५ आणि त्या आकारावर जीएसटी ७८.३८, एकूण १२,९५५ रुपये ३३ पैसे. दुसरी १२९ डॉलरची, सगळं धरून ११,२२९ रुपये ७९ पैसे. म्हणजे चोराने नेले ते नेलेच, वर बँकेने चोरीवर हमालीही घेतली.

डोमेनच्या, म्हणजे वेबसाइटच्या नावाच्या, खरेदी-विक्रीतली 'मूल्यांकन प्रमाणपत्रा'ची फसवणूक जुनी आहे म्हणे. ज्यांना माहीत आहे ते हसतील, हसोत. मी २००९ पासून लोकांना वेबसाइट करून देतोय. वीजबिलाच्या मेसेजला, केवायसीच्या फोनला, पार्सलच्या लिंकला आजवर एक रुपया दिलेला नाही. ओटीपी तर बायकोलाही सांगत नाही. आणि मी गेलो तो एका नीट इंग्रजीत लिहिलेल्या, सभ्य, घाई न करणाऱ्या मेलला.

विकायला निघालो ते डोमेनचं नाव काय होतं ते सांगतो म्हणजे अंदाज येईल. पैठणी, मग हायफन, मग गावाचं नाव, डॉट कॉम. येवल्याच्या एका साडीवाल्या शेठसाठी २०१७ मध्ये घेतलं होतं. शेठनी साइट केलीच नाही, इन्स्टाग्रामवरच धंदा होतो म्हणाले. नाव माझ्या खात्यात पडून राहिलं, मी दर वर्षी हजार-अकराशे भरत राहिलो. २०२३ च्या दिवाळीत शेठच्या मुलाचा फोन आला, "काका, ते नाव पडूनच आहे ना, पाच हजारात देऊन टाका." मी पंचवीस सांगितले. तो साडेसहा, मग आठ. "डॉट इन मला सात-आठशेत मिळतंय काका, मी तुमच्या शब्दाखातर विचारतोय," असंही ऐकवलं. मला राग आला. सहा-सात वर्षं सांभाळलेल्या नावाचे आठ हजार? नाही दिलं.

मार्च २०२४ मध्ये मेल आला. ते नाव विक्रीला आहे का, माझा एक गुंतवणूकदार भारतीय हातमागात उतरतोय, तुमची किंमत कळवा. मी आकडा टाकला ४,५०० डॉलर. उगाच नव्हता टाकला. एका मोठ्या विक्रेत्याचं फुकट किंमत सांगणारं यंत्र त्या नावाला तेराशे डॉलरच्या आसपास दाखवत होतं. म्हटलं, तिपटीहून जास्त सांगावे, तो हजारावर येईल, ओढून ताणून पंधराशेला तोडू. कोण असं करत नाही?

उत्तर चहा संपायच्या आत आलं. "किंमत मान्य आहे."

इथे. नेमकं इथे कळायला हवं होतं. मी तो मेल आता इतक्यांदा वाचलाय की पाठ झालाय. आपल्याकडे दहा रुपयांची कोथिंबिरीची जुडी घेताना बाई "आठला दे" म्हणते, आणि हा माणूस पावणेचार लाखांना 'मान्य' म्हणतो? हायफनवालं नाव, तालुक्याच्या गावाचं नाव, आणि समोरच्याने 'जास्त होतात' हे दोन शब्दसुद्धा उच्चारले नाहीत. शेठच्या मुलाने आठ हजारांसाठी माझं डोकं खाल्लं होतं, कारण ते आठ हजार त्याला खरंच खिशातून काढायचे होते. ज्याला पैसे द्यायचेच नाहीत त्याला आकड्याचं काय? मी पंचेचाळीस हजार डॉलर सांगितले असते तरी 'मान्य'च आलं असतं. पण त्या क्षणी डोक्यात पावणेचार लाख वाजत होते, आणि खरं सांगतो, शेठच्या पोराला हा मेल दाखवायचा असंही मनात आलं.

पुढचं सगळं ठरलेलं. गुंतवणूकदाराला प्रमाणपत्र लागतं, तेही माणसाने केलेल्या मूल्यांकनाचं, यंत्राचं चालत नाही. कोणाकडून घ्यायचं हे त्याने सांगितलं नाही. हीच खरी मेख. त्याने फक्त एका प्रश्नोत्तरांच्या पानाचा दुवा दिला, 'इथे काही जणांनी चांगली नावं सुचवली आहेत' म्हणून. तिथे एकाने विचारलं होतं, दुसऱ्याने एक साइट सुचवली होती, तिसऱ्याने 'माझंही काम झालं, धन्यवाद' लिहिलं होतं. तिघंही तोच होता. पण तुम्हाला वाटतं, आपण आपल्या अकलेने शोधलं. शिवाय मूल्यांकनाचा निम्मा खर्च नंतर देईन, हेही त्याने आपण होऊन कबूल केलं. घासाघीस केली ती एवढीच, आणि तीही माझ्या बाजूने!

मूल्यांकन करणाऱ्या त्या साइटचं व्हूइज, म्हणजे डोमेन कोणी आणि कधी नोंदवलं याची सार्वजनिक नोंद, मी काढलं नाही. रोज गिऱ्हाइकांसाठी काढतो, तेव्हा काढलं नाही. मे २०१८ पासून युरोपच्या नियमांमुळे मालकाचं नाव बहुतेक ठिकाणी झाकलेलं असतं, पण नोंदणीची तारीख दिसते. 'वर्षानुवर्षांचा अनुभव' सांगणारी ती साइट जेमतेम महिन्यापूर्वी नोंदवलेली होती. ज्याला पैसे देणार आहात त्याच्या साइटचा जन्म कधीचा ते आधी बघा, फुकट दिसतं, अर्धं मिनिट लागतं.

आणि ते प्रमाणपत्र! पीडीएफ, सोनेरी शिक्का, तिरकी सही, किंमत ६,२०० डॉलर. वर्ग या रकान्यात लिहिलं होतं, 'प्रवास व पर्यटन'. त्या 'तज्ज्ञ माणसा'ला पैठणी म्हणजे पैठणच्या सहलीसारखं काहीतरी वाटलं असावं. खाली 'भाषा : हिंदी'. मी ते वाचलं, हसलो, आणि वरच्या ६,२०० कडे पाहून गप्प बसलो.

मग दुसरं प्रमाणपत्र, या नावावर कोणाचा ट्रेडमार्कचा दावा नाही याचं. इथे तुम्ही मला वेड्यात काढाल, पण पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे मागणी मला रास्त वाटली. आणि एकदा १२,९५५ गेल्यावर ११,२२९ साठी हातचा सौदा कोण सोडतो? ते पोचल्याचा मेल केला, त्यानंतर तिकडून अक्षर नाही.

पैशांची रीत कशी ठरवायची, एस्क्रो डॉट कॉमवरून करू का (नाव हस्तांतरित होईपर्यंत पैसे सांभाळणारा हा मधला त्रयस्थ), असं मी आधी विचारलं होतं. उत्तर होतं, 'ते मूल्यांकनानंतर ठरवू.' खरा घेणारा उलट असतो. त्याला किमतीपेक्षा आधी ही काळजी असते की पैसे दिल्यावर नाव हातात येईल ना. तो एस्क्रोचा खर्च कोणी भरायचा यावर भांडतो. आणि एस्क्रोची साइटसुद्धा त्याने पाठवलेल्या लिंकवरून उघडू नका, पत्ता स्वतः टाइप करा, तिच्या हुबेहूब नकला फिरतात. एस्क्रोकडे पैसे जमा झाल्याचं तुमच्या खात्यात शिरून बघेपर्यंत ट्रान्सफरचा कोड, म्हणजे ज्याने नाव दुसऱ्याच्या ताब्यात जातं तो, कोणाला द्यायचा नाही. भले समोरचा काकुळतीला येवो.

आता बँक. शाखेत गेलो. कार्डाचा विभाग वेगळा, टोल फ्री लावा. टोल फ्रीवर पहिला प्रश्न, "ओटीपी कोणाला दिला होता?" कोणालाच नाही, परदेशी साइटवर ओटीपी आलाच नाही, भारताबाहेरच्या व्यवहाराला तो लागतोच असं नाही. "मग कार्ड नंबर कोणी टाकला?" मी. "म्हणजे व्यवहार तुम्हीच केला." हो, मीच केला, पण तो फसवून करवून घेतला! त्यांच्या फॉर्मवर त्यासाठी रकानाच नाही. व्यवहार मी केला नाही, रक्कम दोनदा कापली, माल मिळाला नाही, यातलं एक निवडा. 'माल मिळाला नाही' निवडलं. काही आठवड्यांनी उत्तर, व्यापाऱ्याने सेवा दिल्याचा पुरावा सादर केला आहे, तक्रार बंद. पुरावा काय, तर तीच पर्यटनवाली पीडीएफ! मी परत फोन केला, म्हटलं ती उघडून तरी बघा. "सर, आम्ही सेवेच्या दर्जावर भाष्य करू शकत नाही."

रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाचा मोठा गाजावाजा होता, तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य वगैरे. ते होतं तुमच्या नकळत झालेल्या व्यवहाराला. मी स्वतःच्या हाताने भरलेले, ते परिपत्रक दाखवून मला कोणी खुर्चीही दिली नाही.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नोंदली गेली, पोच क्रमांक आला. तिथे एक गोष्ट समजून घ्या, पैसे देशातल्याच एखाद्या खात्यात अडकले असतील तर ते गोठवायला ही सोय कामाची, म्हणून पहिल्या तासात फोन करायचा. परदेशी व्यापाऱ्याकडे कार्डाने गेलेले पैसे कोण गोठवणार? मग पोच क्रमांक घेऊन ठाण्यात. हवालदारसाहेबांनी विचारलं, "डोमेन म्हणजे प्लॉट का? कुठल्या गावात?" मी समजावलं. मग ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही विकत होता आणि पैसेही तुम्हीच दिले?" आजूबाजूचे दोघं माझ्याकडे बघायला लागले. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ ड आहे, तोतयेगिरी करून फसवणं, तीन वर्षांपर्यंत शिक्षा, एक लाखापर्यंत दंड, हे मी छापून नेलं होतं. ते म्हणाले, तपास निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो आणि साहेब बंदोबस्ताला गेलेत. पुन्हा गेलो, साहेब मीटिंगला. नंतर सायबर शाखेचं नाव सांगितलं. सायबर शाखा म्हणाली, रक्कम लहान आहे, ठाण्यातच घ्यायला हवं होतं. लहान! माझी दीड महिन्याची दुकानाची भाड्याची रक्कम आहे ती. एका टेबलावर तर सल्ला मिळाला, "आता सोडून द्या, पुढच्या वेळी काळजी घ्या." अर्ज स्टेशन डायरीला लागला की टेबलाच्या ड्रॉवरला, मला आजही माहीत नाही. एफआयआर नाही. त्या ठग साइटचं डोमेन ज्या कंपनीकडे नोंदवलं होतं तिला सगळे मेल जोडून तक्रार केली, उत्तर आलं, स्थानिक पोलिसांशी संपर्क साधा. आयकॅनला, म्हणजे जगभरच्या डोमेन नावांची व्यवस्था बघणाऱ्या संस्थेला, लिहायच्या फंदात पडू नका, साइटवर काय चालतं ते बघणं त्यांच्या अखत्यारीत नाही. म्हणजे चोर परदेशात, बँक म्हणते पोलीस, पोलीस म्हणतात बँक, आणि मी झेरॉक्सचे पैसे भरतोय.

या सगळ्यात किमतीबद्दल जे शिकलो ते कोणी आधी सांगितलं असतं तर मूळ मेललाच उत्तर दिलं नसतं. व्हॉइस डॉट कॉम २०१९ मध्ये तीन कोटी डॉलरला गेलं, इन्शुरन्स डॉट कॉम २०१० मध्ये साडेतीन कोटींवर. या बातम्या वाचून आपल्या प्रत्येकाला वाटतं आपल्या खात्यातही घबाड आहे. ते इंग्रजीतले एकेक शब्द आहेत, जगभर चालणारे. हायफन आला की भाव पडतो. गावाचं नाव आलं की घेणारे त्या गावापुरते. आणि तेच नाव दुसऱ्या शेपटीने सातशेत मिळत असेल तर तुमच्या भावाची कमाल मर्यादा तिथेच ठरली. मार्च २०२४ मध्ये डॉट कॉमचा घाऊक दर, म्हणजे नोंदणी कंपन्यांना पडणारा, होता ९.५९ डॉलर, ज्याला नवं नाव सुचतं त्याचं त्याहून थोड्या जास्तीत काम भागतं. फुकट यंत्रांचे आकडे हे विकणाऱ्या कंपन्यांची जाहिरात समजा. नेमबायो या डोमेन-विक्रीच्या नोंदी ठेवणाऱ्या साइटवर खरोखर झालेल्या विक्री बघा, तुमच्यासारख्या नावांच्या, अव्वल नावांच्या नव्हे. मी बघितल्या, नंतर. हायफन आणि गाव असलेलं फारसं काही सापडत नाही, यातच उत्तर आलं. पुण्यात या धंद्यातला एक जण आहे, त्याने माझं डोमेन ऐकून सरळ सांगितलं, "गावातल्या दुकानदाराला हवं असेल तर आठ-दहा हजार, नाहीतर सोडून दे." आठ हजार! शेठच्या पोराचा भाव बरोबर होता. त्याने मागेच डॉट इन घेतलं.

दलाल असो की बाजारपेठ, खरे लोक कमिशन सहसा विक्रीच्या रकमेतून कापतात. घेणाऱ्याच्या सांगण्यावरून विकणाऱ्याने आधी पैसे भरायचे असा रिवाज या धंद्यात नाही. कार्डाचे परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून बंद ठेवा, लागेल तेव्हाच चालू करा. कोणाचा ब्रँड असलेलं नाव घेऊन बसला असाल तर भाव विसरा, वकिलाची नोटीस येईल.

बँकेच्या अंतिम उत्तरावर मी रिझर्व्ह बँकेच्या ओम्बड्समनकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालाकडे, तक्रार टाकली आहे, मिळाले तर सांगेन, आशा नाही. आणि असा मेल तुम्हाला आला तर फक्त एवढंच लिहा, 'मूल्यांकनाचे पैसे तुम्ही भरा, माझ्या रकमेतून वळते करून घ्या.' माझ्या एका मित्राला मागच्या महिन्यात तोच मेल आला, नाव दुसरं, हातमागाऐवजी मसाले. त्याने हे वाक्य पाठवलं. पावणेपाच हजार डॉलरच्या नावाला 'मान्य' म्हणणाऱ्या त्या गुंतवणूकदाराला दीडशे डॉलर जड झाले.