जुनं सागवान, सुताराचं प्लाय की तयार बोर्ड : हॉल नव्याने लावताना पैसे कुठे घालावेत

पाऊस ओसरला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. "साठेक हजार बाजूला काढलेत, दिवाळीआधी हॉल जरा बघण्यासारखा करायचाय, काय घेऊ?" बहुतेकांनी तोवर मोबाइलवर कपाट, टीव्ही युनिट आणि सोफा पसंत करून ठेवलेला असतो. मी आधी दोन गोष्टी विचारते. घर स्वतःचं आहे की भाड्याचं? आणि गावाकडे, माळ्यावर, मावशी-आत्यांकडे जुनं काय पडून आहे?

या दोन उत्तरांवर निम्मा निर्णय होतो. साठ हजारांत सगळं नवं आणि सगळं चांगलं येत नाही, हे आधीच मान्य केलेलं बरं. मग कशात पैसे घालायचे आणि कशात हात राखायचा, एवढंच ठरवायचं उरतं.

पर्याय तीन. एक, जुनं सागवानी सामान दुरुस्त करून, पॉलिश करून वापरणं. दोन, सुताराकडून प्लायचं करून घेणं. तीन, खोक्यातून येणारं, घरी जोडायचं तयार फर्निचर. ते दिसायला लाकडासारखं असलं तरी बहुतेक वेळा आत पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ असतं. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा चिकटद्रव्यात कालवून दाबलेली फळी. एमडीएफमध्ये चुऱ्याऐवजी बारीक तंतू असतात, म्हणून ते जास्त गुळगुळीत. प्लाय वेगळं. लाकडाचे पातळ थर एकावर एक, एक उभा आणि एक आडवा असे चिकटवलेले, म्हणून ते सहजासहजी फाटत नाही आणि स्क्रू घट्ट धरतं.

पाणी आणि वजन

कागदावर तिन्ही कपाटं सारखीच दिसतात. फरक कळतो तो पहिल्या पावसाळ्यात. आमच्या पॅसेजमध्ये वॉशिंग मशीनशेजारी एक तयार चपलांचं कपाट होतं. पाइपातून थोडं पाणी झिरपलं, चारच दिवस. खालची कड चहात बुडवलेल्या टोस्टसारखी फुगली, वरचा कागद सुटला, आणि बिजागरीचा स्क्रू हाताने बाहेर आला. सुताराला दाखवलं तर त्याने बोटाने दाबून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, याला धरायला काही उरलंच नाही." एकदा फुगलेलं पार्टिकल बोर्ड परत बसत नाही. प्लायची कड खराब झाली तर तेवढा तुकडा कापून नवा लावता येतो. सागवान तर पुसून, वाळवून, पॉलिशपेपर मारून पुन्हा उभं राहतं.

वजनाचंही तेच. तीन फूट लांब फळीवर पुस्तकं रचलीत तर बोर्डाची फळी वर्षभरात मधोमध पोट काढते. तयार रॅक घ्यायचाच असेल तर दोन फुटांपेक्षा लांब कप्पा नको, किंवा मध्ये आधार असलेला बघा.

पण भाड्याच्या घरात राहणाऱ्याला मी सुताराचं काम कधीच सुचवत नाही. भिंतीला मापाने बसवलेलं प्लायचं युनिट पुढच्या घरात बसेलच असं नाही, आणि काढताना निम्मं मोडतं. अशांसाठी तयार फर्निचर हा मनापासून चांगला पर्याय आहे: हलकं, लिफ्टमधून जाणारं, नको झालं तर विकता येणारं. फक्त ते वारंवार उघडून जोडू नका. दोन-तीन वेळा स्क्रू काढले-लावले की भोकं सैल होतात. आणि जमिनीला टेकणाऱ्या कडांखाली प्लास्टिकचे पाय लावून घ्या. पाचपन्नास रुपयांत बोर्डाचं आयुष्य वाढतं.

आमच्या कपाटाचा हिशोब

आता जुन्याबद्दल जरा सविस्तर, कारण इथेच लोक घाबरतात. माझ्या आत्याच्या साताऱ्याच्या घरात एक दोन दारी कपाट होतं, चार फूट रुंद, साडेसहा फूट उंच. वर्षानुवर्षांच्या पॉलिशचे थर काळे पडलेले, एक दार लोंबलेलं. पुण्याला आणलं. टेम्पोचे साडेचार हजार. सुताराचे दोन दिवस, चोवीसशे. बिजागऱ्या आणि कुलूप, नऊशे. दर्शनी बाजू, दोन्ही कुशी आणि दारांच्या आतल्या बाजू मिळून साधारण बहात्तर चौरस फूट. मेलामाइन पॉलिश, जुनं खरवडण्यासकट, ११० रुपये फुटाने सुमारे ७,९०० रुपये. एकूण १५,७०० रुपये.

तेवढंच कपाट प्लायमध्ये, लॅमिनेट लावून, करायला सुताराने १,४५० रुपये चौरस फूट सांगितले होते, दर्शनी मापाने, म्हणजे फक्त समोरच्या रुंदी-उंचीवर. सदतीस-अडतीस हजार झाले असते. आणि पार्टिकल बोर्डाचं दोन दारी तयार कपाट आमच्या कपाटाच्याच खर्चात, म्हणजे पंधरा-सोळा हजारांत मिळत होतं. तुमच्या गावात दर थोडे इकडेतिकडे होतील, पण तिघांमधलं अंतर पाहण्यासारखं आहे.

पहिल्या दिवशी कारागिराने दाराचा कोपरा खरवडला आणि काळ्या थराखालून मधासारखा रंग वर आला, तेव्हा आत्याला व्हिडिओ कॉल लावला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आत दुसऱ्या फळीवर शाईचा डाग असेल बघ, तुझ्या बाबांनी पाडलेला." होता. तो तसाच ठेवलाय.

जुनं घेण्याआधी मात्र तपासायला हवं, मग ते घरचं असो की मुंबईत जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारातलं. बोटाच्या पेराने सगळीकडे ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर आत वाळवीने खाल्लेलं असू शकतं. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली तर कपाटाखाली कागद पसरून आठवडाभर थांबा. कागदावर पिठासारखी ताजी पूड पडली तर कीड अजून जिवंत आहे, आधी तिचा बंदोबस्त, मग पॉलिश. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, पण सालीलगतचं फिकट लाकूड ती खाते. आणि "सागवानी" म्हणून विकलेल्या कपाटाची पाठ व ड्रॉवरचा तळ पुष्कळदा जंगली लाकडाचा किंवा पातळ प्लायचा असतो. तो बदलायला फार लागत नाही, पण किंमत ठरवताना माहीत असावं. सगळ्यात शेवटी टेप घ्या: लिफ्ट, जिना, फ्लॅटचं दार. आमचं कपाट लिफ्टमध्ये मावलं नाही, तिसऱ्या मजल्यापर्यंत चार माणसांनी वाहून आणलं.

पॉलिशमध्येही निवड आहे. लाखेचं पॉलिश सगळ्यात देखणं, आणि घरच्या घरी पुन्हा हात फिरवता येतो, पण गरम कप ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं. तेव्हा ते कपाटाला, देव्हाऱ्याला. जेवणाच्या टेबलाला नको. मेलामाइन मधलं, बहुतेक घरांना पुरेसं. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, सगळ्यात महाग, पाणी आणि उष्णता चांगली सोसतं. पैसे असतील तर ते फक्त टेबलाच्या वरच्या फळीला करा. कुठलंही पॉलिश भर पावसाळ्यात करू नका. हवेतल्या दमटपणाने ते पांढुरकं पडतं आणि कारागिरात आणि तुमच्यात उगाच वाद होतो.

सुताराकडून प्लायचंच करायचं ठरलं तर शीटवरचा शिक्का स्वतः वाचा. स्वयंपाकघर आणि बाथरूमशेजारच्या कामाला आयएस (भारतीय मानक) ७१०, म्हणजे मरीन, पाणी सोसणारं. हॉलच्या कोरड्या भिंतीला आयएस ३०३ चालतं, तिथे मरीनचे जादा पैसे घालू नका. शीट आठ बाय चारची येते. कापताना उरलेल्या पट्ट्यांतून चपलांचा रॅक किंवा देवाजवळची फळी निघते का, हे काम सुरू होण्याआधी विचारा. नंतर त्या पट्ट्या कुठे गेल्या ते कळत नाही.

एक भिंत : रंग की वॉलपेपर?

सोफ्यामागची एकच भिंत वेगळी करायची, हा सगळ्यात स्वस्तात उठून दिसणारा बदल. बारा फूट लांब, साडेनऊ फूट उंच भिंत म्हणजे ११४ चौरस फूट. चांगल्या इमल्शनचा, म्हणजे पुसता येणाऱ्या प्लास्टिक रंगाचा, एक लिटर दोन हातांना जवळपास पुरतो. वॉलपेपरचा नेहमीचा रोल ५७ चौरस फुटांचा, म्हणून दुकानात पटकन "दोन रोल" सांगतात. पण रोल साधारण २१ इंच रुंद आणि ३३ फूट लांब. बारा फुटांना सात पट्टे लागतात, आणि वर-खाली कापायला धरून एका रोलमधून तीनच निघतात. म्हणजे तीन रोल. फुलं जुळवायची असतील तर त्याहून जास्तही. शिवाय चिकटवण्याची मजुरी.

मुंबईत, कोकणात, गोव्यात, किंवा ज्या भिंतीच्या पलीकडे बाथरूम आहे तिथे वॉलपेपर नकोच. ओल आली की कडा सुटतात आणि मागे बुरशी धरते. कोरड्या, आतल्या भिंतीवर जरूर लावा, छान दिसतो. रंग लावताना पैसे वाचवायला स्वस्तातलं डिस्टेंपर मात्र घेऊ नका, इमल्शनच लावा. लहान मुलं असलेल्या घरात डिस्टेंपरवरचे हात पुसायला गेलात की रंगही पुसला जातो. भाड्याचं घर असेल तर मालकांना विचारून एकच भिंत रंगवा, आणि मूळ रंगाचा नंबर लिहून ठेवा.

दिवे आणि कापड

दिव्यांबद्दल थोडक्यात. बहुतेक हॉलमध्ये ६,५०० केल्व्हिनची पांढरीशुभ्र ट्यूब असते, तिच्या उजेडात सागवानसुद्धा राखाडी दिसतं. केल्व्हिन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळसर. खोक्यावरचा आकडा वाचून २,७०० ते ३,००० चे एलईडी घ्या, आणि एका मोठ्या दिव्याऐवजी कोपऱ्यात, डोळ्यांच्या उंचीच्या खाली दोन लहान दिवे ठेवा. अभ्यासाला पांढरी ट्यूब राहू दे.

पडदे तयार घ्यावेत की शिवून? खिडकीपुरते पाच फुटी तयार पडदे खोली बुटकी दाखवतात. दांडी छताजवळ नेऊन पडदा जमिनीपर्यंत सोडला तर तीच खोली उंच वाटते, पण तेवढ्या लांबीचे तयार पडदे महाग पडतात. इथे सुती साडी कामाला येते. साडेपाच मीटर म्हणजे अठरा फूट; साडेआठ फुटांचे दोन पडदे आणि दुमडीला फूटभर. मागून साधं अस्तर लावलं की उन्हात टिकतात. पैठणी किंवा कुठलीही रेशमी साडी मात्र यासाठी कापू नका, उन्हाने रेशीम विरतं. दिवाणावर नव्या महागड्या कव्हरऐवजी सोलापुरी चादर घाला, आणि उशांना खणाचे अभ्रे.

साठ हजारांत मी काय करेन? स्वतःचं घर आणि गावाकडे एखादं धड कपाट असेल, तर सोळा-सतरा हजार त्याच्यावर, बारा हजारांत हॉलचा रंग, पाच हजारांत दिवे आणि वायरिंग, सहा हजारांत शिलाई-अस्तर-दांड्या. उरलेल्या वीसेक हजारांत सोफा नवा न घेता आहे त्याच सांगाड्याला नवा फोम आणि कापड. भाड्याचं घर असेल तर तयार कपाट, दिवे, पडदे, एवढंच, आणि निम्मे पैसे बँकेत. जुनं काहीच नसेल आणि घर स्वतःचं असेल, तर या वर्षी प्लायचं एकच काम, पण नीट. बाकीचं पुढच्या वर्षी. आणि पॉलिशवाल्याला आजच फोन करा. दसरा जवळ आला की त्याची तारीख मिळत नाही.