लीनिएज टाकून आठ महिने झाले, फोन झकास, पण तानपुऱ्याने घात केला

परवाच्या एकादशीला अक्कलकोट तालुक्यातल्या एका गावात आमचं भजन होतं. तिथं रेंज म्हणजे एकच काडी, तीपण देवळाबाहेर पिंपळाखाली उभं राहिलं तर. मी फोनवर तानपुरा लावला, पट्टी काळी एक, मंडळींनी टाळ उचलले आणि अर्ध्या मिनिटात स्क्रीनवर मेसेज, लायसन्स तपासता येत नाही, इंटरनेट जोडा. खाली एकच बटण, बाहेर पडा. विकत घेतलेलं ॲप आहे हो हे, ३९० रुपये मोजून. आणि शेजारी बसलेल्या पेटीवाल्या आप्पांनी गपचूप त्यांचा फोन काढला, त्यात तेच ॲप, व्हॉट्सॲपवरनं कुणीतरी पाठवलेली फुकट फाईल, तिला ना नेट लागतं ना लायसन्स. अख्खं भजन त्या चोरीच्या तानपुऱ्यावर झालं.

म्हणून लीनिएजचा (कंपनीच्या अँड्रॉइडऐवजी आपण टाकायचं फुकट अँड्रॉइड) हा रिव्ह्यू लिहायला बसलो, नाहीतर लिहिणार नव्हतो.

फोन कुठला, रॅम किती ते राहू द्या, पाच वर्षं जुना, कंपनीने अपडेट बंद केलेला. नवीन घ्यायचा म्हणजे पंधरा हजार गेले, तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, फोन चांगलाय की, कंपनीने सोडून दिलंय त्याला. लीनिएज टाकतो." टाकलं. बूटलोडर, म्हणजे दुसरं सॉफ्टवेअर टाकू न देणारं फोनचं कुलूप, अनलॉक केला की फोन पूर्ण कोरा होतो हे त्याने अनलॉक केल्यावर सांगितलं, त्यात गड्ड्याच्या जत्रेचे तीन वर्षांचे फोटो गेले, ते असो. पण त्यानंतर फोन असा पळायला लागला की बस. आधी संध्याकाळी पाचला चार्जर शोधायचो, आता रात्री दहाला तीस टक्के शिल्लक. मे महिन्यात सोलापूरचं ऊन माहितीये तुम्हाला, तेव्हासुद्धा गरम झाला पण अडकला नाही.

वाईट गोष्टी पटापट सांगतो. बँकेचं एक ॲप चालतं, दुसरं "हा फोन सुरक्षित नाही" म्हणून उघडतच नाही. हेच ॲप तीन वर्षं सिक्युरिटी पॅच न मिळालेल्या जुन्या सॉफ्टवेअरवर बिनबोभाट चालत होतं. व्हिडिओची कॉपी होऊ नये म्हणून फोनमध्ये वाइडवाइन असतं, त्याची पातळी वरच्या एल१ वरनं खालच्या एल३ वर आली, म्हणजे महिन्याचे पैसे भरूनही पिक्चर ४८० पीच्या वर जात नाही. बायकोला फरक कळत नाही. खरं सांगायचं तर मलापण नाही.

आता तानपुरा. लीनिएजमध्ये गुगलची ॲप्स आतमध्ये येत नाहीत. हे म्हणजे जुन्या सायनोजेनमॉडचंच पुढचं रूप, आणि सायनोजेनमॉडला गुगलने २००९ मध्ये त्या ॲप्सवरूनच नोटीस धाडली होती, तेव्हापासून ती ॲप्स ज्याची त्याने वेगळी टाकायची. भाच्याने त्याऐवजी मायक्रोजी टाकलं, गुगलच्या सेवांची कामं करणारं पर्यायी सॉफ्टवेअर. त्यात लायसन्सच्या चौकशीला उत्तर द्यायचं एक बटण असतं, ते चालू केल्यावर घरच्या वायफायवर तानपुरा मस्त वाजायचा. त्यामुळे गावात बंद पडल्यावर मी तिथनंच भाच्याला फोन लावला (पिंपळाखाली जाऊन) आणि नको ते बोललो, तुझ्या त्या लीनिएजने माझी इज्जत घालवली वगैरे. रिफंड मागावा तर तीन वर्षांपूर्वीची खरेदी. तशी अँड्रॉइडवर सुरुवातीला २४ तासांची मुदत होती, डिसेंबर २०१० मध्ये ती १५ मिनिटांवर आणली, २०१४ ला २ तास केली. पंधरा मिनिटांत तानपुऱ्याच्या चार तारासुद्धा नीट लागत नाहीत.

इथपर्यंत रविवारी लिहिलं होतं. आज बुधवार, आणि मला शब्द मागे घ्यायचेत.

भाचा म्हणाला, मामीच्या फोनवर बघा. तिचा फोन साधा, दुकानातनं आणलाय तसा, त्यात माझंच खातं टाकून तेच ॲप घेतलं, नेट बंद केलं, ॲप उघडलं. तोच मेसेज, तेच बाहेर पडा! म्हणजे लीनिएज बिचारं निर्दोष, आणि मी पोराला उगाच झापलं.

त्याने मग समजावलं. पहिल्या काळात कॉपी प्रोटेक्शन म्हणजे ॲपची फाईल खासगी फोल्डरमध्ये लपवायची, रूट केलेल्या, म्हणजे आतलं सगळं उघडं केलेल्या फोनवर ती सरळ दिसायची. २०१० मध्ये लायसन्सिंग आलं, ॲप फोनमधल्या गुगलच्या स्टोअरला विचारतं आणि स्टोअर गुगलच्या सर्व्हरला, की ह्या खात्याने पैसे भरलेत का. (तेपण त्याच ऑगस्टमध्ये लोकांनी फोडून दाखवलं.) यात ॲप बनवणाऱ्याला निवड असते. मिळालेलं उत्तर काही दिवस लक्षात ठेवायचं, म्हणजे नेट नसलं तरी चालतं, किंवा दर वेळी नव्याने विचारायचं. आमच्या तानपुरेवाल्याने दुसरं निवडलंय. कॉपी करणारा ती तपासणीच काढून टाकतो, त्याला काय फरक पडतो? अडकतो तो पैसे भरणारा. आप्पांच्या फाईलचं एक मात्र खटकलं, ती मेसेज वाचायची परवानगी मागते. तानपुऱ्याला माझे ओटीपी कशाला लागतात? म्हणून मी ती घेतली नाही, आप्पा फुकट देत होते तरी.

ॲपवाल्याला मेल टाकला, जरा चिडूनच. वाटलं नव्हतं पण दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, कॉप्या फार फिरतात म्हणून कडक ठेवलं होतं, पुढच्या व्हर्जनला ढिलं करतो. भाषा चांगली होती माणसाची. व्हर्जन अजून आलेलं नाही.

काल तालमीला आप्पांना म्हटलं, ती फाईल उडवा आणि ३९० रुपये भरून नीट घ्या. त्यांनी पेटीचा भाता सोडलासुद्धा नाही.

"तुमचं चालायलं का, ते आधी सांगा की ओ."