किशोर मासिक की स्टोरीवीव्हर? मुलांसाठी काय घ्यावं

पोरगं नुकतं अक्षरं जुळवायला लागलं असेल तर सरळ स्टोरीवीव्हर, प्रथम बुक्स या मुलांची पुस्तकं काढणाऱ्या संस्थेची फ्री साईट आहे, २०१५ पासून, मराठी गोष्टी भरपूर आणि लेव्हल १ ते ४ अशा लावलेल्या, लेव्हल १ मध्ये सोपे शब्द नि मोठी चित्रं, त्यामुळे स्वतः वाचल्याचा कॉन्फिडन्स येतो. पण मोबाईल हातात गेला की यूट्यूब उघडतंच ना! प्रिंट काढून द्या.

किशोर बालभारतीचं, १९७१ पासूनचं. तिसरी-चौथीनंतर मला हेच जास्त आवडतं, कथा, कविता, विज्ञान, कोडी सगळं एकत्र, त्यामुळे शब्दसंग्रह वाढतो आणि कोड्यासाठी उघडलेला अंक मूल लेखापर्यंत वाचत जातं. जुने अंक ऑनलाईन फुकट आहेत.