भिवपुरी ते माथेरान, गार्बेटमार्गे: पावसाळ्यात वाट कशी आहे?

कर्जत लोकलने भिवपुरी रोडला उतरायचं, डिकसळवरून पाली-भुतिवलीच्या धरणाकडे वळायचं आणि सागाची वाडी गाठून गार्बेटचं पठार चढून माथेरानला पोहोचायचं. मुंबईकराला एका दिवसात यापेक्षा सुंदर वाट मिळणं कठीण. समोरच्या कड्यांवरून धबधबे कोसळत असतात आणि गाड्यांचा आवाज नाही.

चढाईला साधारण तीन ते चार तास धरा. खरी परीक्षा पठारावर होते. ढग उतरले की दहा पावलांवरचं दिसत नाही, गुरांच्या पायवाटा मुख्य वाटेसारख्याच वाटतात आणि माणूस दरीच्या कडेला जाऊन पोहोचतो. म्हणून नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा, किंवा वाडीतला वाटाड्या घ्या. त्याचे पैसे सार्थकी लागतात. वाटेतला ओढा गुडघ्याच्या वर असेल किंवा पाणी अचानक गढूळ झालं, तर ओलांडू नका, तिथूनच परत फिरा. धबधब्याच्या थेट खाली उभं राहू नका, पाण्याबरोबर दगड येतात.

झिजलेल्या तळव्याचे बूट इथे अजिबात चालत नाहीत, शेवाळलेल्या कातळावर सरकतात. पाणी दोन लिटर.

उतरताना तीच वाट नको. माथेरानला गाड्या जिथपर्यंत येतात, त्या दस्तुरी नाक्यावरून शेअर टॅक्सीने नेरळ गाठा. पावसाळ्यात नेरळ-अमन लॉज मिनी ट्रेन बंद असते, फक्त दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्थानकापासून माथेरानपर्यंतची शटल चालते. निघण्यापूर्वी प्रशासनाचा बंदी आदेश आहे का, तेवढं नक्की पाहा.