स्पेलबाउंड की स्पेलिंग द ड्रीम? जुनी आधी बघा

सुट्टीत पोरांना मोबाइलपासून सोडवून टीव्हीसमोर बसवायचं आणि तरी वर 'काहीतरी चांगलं बघितलं' असं समाधान मिळवायचं, असा ज्यांचा प्लॅन असेल त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते. दोन्ही डॉक्युमेंटरी चांगल्या आहेत, पण वेळ एकीसाठीच असेल तर जुनी बघा. जुनी म्हणजे 'स्पेलबाउंड', २००२ ची, जेफ्री ब्लिट्झची, ऑस्करला नॉमिनेशन मिळालेली. नवी म्हणजे 'स्पेलिंग द ड्रीम', सॅम रेगाची, २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर आली. विषय दोन्हींचा एकच, अमेरिकेतली नॅशनल स्पेलिंग बी, जिथे आठवीपर्यंतची पोरं माइकसमोर एकेकटी उभी राहून असल्या शब्दांची स्पेलिंगं सांगतात की जे आपण जन्मात ऐकले नाहीत आणि ऐकणारही नाही, आणि एक अक्षर चुकलं की टिंग करून घंटी वाजते, विषय संपला.

कागद-पेन द्यायचं नाही, हे मला आधी माहीतच नव्हतं. शब्दाचा अर्थ विचारू शकता, कुठल्या भाषेतून आला ते विचारू शकता, वाक्यात वापरून दाखवा म्हणू शकता, पण लिहायचं ते मनात. मग ही पोरं काय करतात, तर तळहातावर बोटाने लिहितात, नाहीतर गळ्यातल्या नंबराच्या पाटीमागे बोट फिरवत बसतात, आणि एकदा का अक्षरं सांगायला सुरुवात केली की तोंडातून निघालेलं अक्षर बदलता येत नाही. एखादा शब्द लॅटिनमधून आलाय की ग्रीकमधून हे कळल्यावर त्या पोरांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडतो ना, तो कॅमेऱ्याने बरोब्बर टिपलाय. म्हणजे नुसती घोकंपट्टी नाहीये ती, थोडी आहे, पण नुसती नाही.

आता जुनीबद्दल. १९९९ च्या स्पर्धेची गोष्ट आहे, त्या वर्षी वॉशिंग्टनला फायनलसाठी २४९ मुलं आली होती, त्यातल्या आठ जणांच्या मागे ही टीम लागली. पहिला अर्धा भाग स्पर्धा नाहीच, नुसती घरं. आणि मला तोच भाग जास्त आवडला, आमच्याकडे लेकीला मात्र 'आई स्पर्धा कधी सुरू होणार' चालू होतं. टेक्सासमधली एक अँजेला आहे, तिचे वडील मेक्सिकोतून आलेले, कुणाच्या तरी रँचवर गुरं राखायच्या कामाला, इंग्रजी येत नाही. म्हणजे बापाला ज्या भाषेत दोन वाक्यं बोलता येत नाहीत त्या भाषेच्या राष्ट्रीय स्पर्धेत पोरगी निघालीये. यावर निवेदकाचं भाषण नाही, निवेदकच नाहीये मुळात, माणसं आपापलं बोलतात आणि पुढचं घर येतं. एप्रिल म्हणून एक मुलगी आहे ती डिक्शनरी घेऊन तासन्‌तास बसलेली असते आणि तिचे आईवडील बिचारे 'हिला हे कुठून आलं आम्हाला माहीत नाही बुवा' अशा चेहऱ्याने बोलतात. अगदी खरे वाटतात ते. आणि हॅरी! त्या हॅरीला जागेवर गप्प बसताच येत नाही, मधेच रोबोच्या आवाजात बोलतो, स्टेजवर एका शब्दावर अडतो तेव्हा चेहऱ्याचे इतके प्रकार करतो, इतका वेळ लावतो, की आमच्याकडे सगळे हसता हसता एकदम गप्प झाले कारण पोरगं खरंच अडकलंय हे लक्षात आलं.

आपल्याला सगळ्यात ओळखीचं घर अर्थातच नीलचं. कॅलिफोर्नियातलं गुजराती कुटुंब, वडील म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजरच, रोज हजारो शब्दांची उजळणी, फ्रेंच-स्पॅनिश-जर्मनचे वेगळे मास्तर, ध्यान वगैरे, आणि इकडे भारतात आजोबांनी नातवासाठी हजार माणसं प्रार्थनेला बसवलेली. आणि एवढं सगळं करून पोराला शब्द कुठला येतो, तर दार्जिलिंग. आणि पोरगं अडतं! आमच्या घरात अक्षरशः आरडाओरडा, अरे चहाच्या पुड्यावर असतं की, अरे बोल की, आणि सासूबाई (मराठीच्या शिक्षिका होत्या, इंग्रजी सिनेमे बघत नाहीत, पण खोलीतून हलल्याही नाहीत) शांतपणे म्हणाल्या, "आजोबांनी एवढं अनुष्ठान घातलं आणि नातू चहावर अडला." शेवटी सांगतो तो बरोबर, पण तोपर्यंत माझा बीपी वाढलेला. वडिलांना काही लोक खलनायक ठरवतील, मला तसं नाही वाटलं. असा बाप कर्वे रोडवरच्या कुठल्याही क्लासच्या खाली ॲक्टिव्हावर बसून वाट बघताना रोज दिसतो, त्यात प्रेमही असतं आणि हिशेबही असतो, दोन्ही एकदम. सिनेमा त्याला नावं ठेवत नाही आणि डोक्यावरही घेत नाही, हे जमणं अवघड आहे.

कोण जिंकलं ते सांगायला हरकत नाही, पंचवीस वर्षं उलटून गेली. फ्लोरिडाच्या टॅम्पाची नूपुर लाला. हिच्या गोष्टीतला एक तपशील मला फारच आवडला, गावातल्या एका रेस्टॉरंटने बाहेरच्या बोर्डावर तिचं अभिनंदन केलंय आणि त्या अभिनंदनाच्या इंग्रजी शब्दाचंच स्पेलिंग चुकलंय, टीच्या जागी डी! आपल्याकडे स्कॉलरशिपच्या निकालानंतर चौकाचौकात 'हार्दीक अभिनंदन' चे फ्लेक्स लागतात तेच हे, फक्त फ्लोरिडात.

आता नवी. नेटफ्लिक्सवाली. ही वाईट अजिबात नाही, उलट जास्त चकाचक आहे, वेग आहे, ग्राफिक्स आहेत, फरीद झकारिया आणि डॉ. संजय गुप्ता ही अमेरिकन टीव्हीवरची भारतीय वंशाची नावाजलेली माणसं येऊन बोलतात. प्रश्न एकच, भारतीय वंशाचीच पोरं ही स्पर्धा सारखी का जिंकतात. उत्तर त्यांनी नीट दिलंय, म्हणजे अमेरिकेचा १९६५ चा इमिग्रेशनचा कायदा, त्याने आपल्यासारख्यांना तिकडचं दार उघडलं, त्यानंतर शिकलेले डॉक्टर-इंजिनिअर तिकडे गेले, मग आयटीवाले गेले, १९८५ ला बालू नटराजन हा भारतीय वंशाचा मुलगा पहिल्यांदा जिंकला आणि घराघरात 'हे आपल्यालाही जमतं' झालं, मग आपल्याच लोकांनी आपल्याच पोरांसाठी छोट्या स्पर्धा सुरू केल्या, नॉर्थ साउथ फाउंडेशन वगैरे, म्हणजे फायनलला जायच्या आधी पोरगं दहा स्टेज बघून आलेलं असतं. हे मला पटलं. जनुकांबिनुकांच्या गप्पांपेक्षा हे कधीही बरं.

पण मग चार मुलं निवडलीत, गोड आहेत, सहा-सात वर्षांचं एक पिल्लू तर इतकं गोड की लेक त्याच्याच प्रेमात, आणि तरी सिनेमा संपल्यावर त्यांच्या घरातलं काहीही माझ्या डोक्यात राहिलं नाही. कारण सगळी घरं एकाच रंगाची दाखवलीत, आई हसतेय, बाबा हसतायत, मेहनत, कुटुंब, संस्कार. अहो पण एक पालक संपूर्ण वेळ यात घालू शकतो का, त्याला पैसे किती लागतात, ज्या घरात ते नाही तिथलं काय, हरलेलं पोर रात्री काय करतं, याकडे नुसतं ओझरतं बघून पुढे. जुनीत अँजेलाचं घर आणि नीलचं घर एकामागून एक दाखवलं की न बोलता सगळं कळतं. नवीत अँजेलाच नाही. आपलं कौतुक ऐकायला गोड वाटतं, मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू, पण तासाभरानंतर नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बसल्यासारखं व्हायला लागलं.

माझी नणंद अमेरिकेत एडिसनला असते, तिचा मुलगा या स्पर्धांना जायचा, तिला फोनवर विचारलं तर म्हणाली, "वहिनी, नवी बघून आमच्याकडे सगळे खूश होते, पण शनिवार-रविवार गेले त्याचं काय ते कोणी विचारलं नाही." ती नवीला माझ्यापेक्षा कमी मार्क देते. मी देते पाचपैकी तीन, जुनीला साडेचार. अर्धा कापला कारण १९९९ चं शूटिंग आहे, चित्र जरा धुरकट दिसतं आणि मोठ्या टीव्हीवर जास्तच.

एक मात्र आहे, या दोन्ही बघून लगेच पोराला कुठल्या स्पेलिंगच्या क्लासला घालायला पळू नका. मी आधीच एका ॲबॅकसच्या क्लासला पूर्ण लेव्हलची फी भरून बसलेय, मधेच शिक्षिका बदलल्या, बॅच बदलली, पैसे परत मागितले तर 'पॉलिसी नाही'. आपल्याकडे स्कॉलरशिपची परीक्षा आहे, ऑलिंपियाड आहेत, कमी नाहीये काही. तिकडेसुद्धा हे प्रकरण कुठवर गेलं बघा, २०१९ ला आठ जण एकदम जिंकले कारण आयोजकांकडे त्यांना बाद करणारे शब्दच उरले नाहीत, मग २०२१ पासून शब्दांच्या अर्थाचे प्रश्न आले आणि टाय झाली तर ९० सेकंदांत जास्तीत जास्त शब्द सांगायची फेरी. २०२२ ला हरिणी लोगन त्याच फेरीत जिंकली.

बाकी व्यवहाराचं. मराठी-हिंदी काही शोधू नका, इंग्रजीतच बघा, सबटायटल लावा, कारण उच्चार भराभर येतात आणि शब्द स्क्रीनवर दिसला तरच मजा आहे. आठ-नऊ वर्षांपासून पुढची मुलं आरामात बघतील, त्याच्या खालची पहिल्या भागात कंटाळतील. शब्द आला की पॉज करून प्रत्येकाने आपापलं स्पेलिंग सांगायचं, आमच्याकडे यात सासरे सगळ्यात पुढे होते आणि ते अजून विसरलेले नाहीत. दोन्ही साधारण दीड तासाच्या आहेत. जुनी रात्री लावणार असाल तर कुकर आधीच लावून घ्या, दुसऱ्या भागात कोणी उठत नाही.