‘बॉर्डर’ की ‘बाउंडरी’?

खानापूरची माझी भाची बेळगाववर इंग्रजी निबंध लिहीत होती. तिने विचारलं, “मामा, सीमेला बॉर्डर लिहू की बाउंडरी? डिक्शनरीत दोन्ही एकच दिसतात.”

एकच नाहीत. बाउंडरी म्हणजे हद्द, जिथे एक संपतं आणि दुसरं सुरू होतं ती रेघ. शेताचा बांध, गावाची शीव, क्रिकेटची दोरी, सगळी बाउंडरी. बॉर्डरला मात्र रुंदी असते. सीमेलगतचा मुलूख, तिथली माणसं, बाजार, बोली त्यात येतात. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या मागावरच्या साडीचा काठ बॉर्डर असतो, बाउंडरी कधीच नाही. आपला ‘सीमाभाग’ म्हणूनच बॉर्डर एरिया.

कागदोपत्री पारडं फिरतं. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादासाठी 1966 साली नेमलेल्या महाजन आयोगापुढचा प्रश्न इंग्रजीत ‘बाउंडरी डिस्प्यूट’ होता, कारण रेघ कुठून जावी हाच वाद. 1947 च्या फाळणीची रेघ आखणारंही बाउंडरी कमिशनच. वर्तमानपत्रं सर्रास बॉर्डर डिस्प्यूट लिहितात, तेही चूक नाही, पण मला बाउंडरी हाच शब्द नेमका वाटतो.

क्रियापद हवं तर बॉर्डरच: बेळगाव जिल्हा गोव्याला ‘बॉर्डर’ करतो. बाउंडरी तशी चालत नाही. उलट, माणसांमधल्या वागण्याच्या मर्यादांना अनेकवचनी ‘बाउंडरीज’ म्हणतात.

निबंधात निपाणी-खानापूरकडचं जगणं सांगायचं असेल तर बॉर्डर घे. नकाशा, मोजणी, सातबारा, कोर्टातला दावा असेल तर बाउंडरी.